राजगड की रायगड? एकच रविवार हातात असेल तर

पावसाळा सरत आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कधी ऑफिसातलं नवं पोरगं, कधी सासरकडचा भाचा. “काका, एकच रविवार आहे. राजगड करू की रायगड?” दोन्ही करा, हे उत्तर त्यांना नको असतं. ज्याला दोन्ही जमतात तो विचारत बसत नाही, निघतो.

मोठा कोण, या भांडणात मी पडत नाही. राजगडावरून पंचवीसेक वर्षं राज्य चाललं. रायगडावर ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० ला महाराज तिथेच गेले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत दोघेही आहेत. तेव्हा प्रश्न थोरवीचा नाही, तुमच्या एका दिवसाचा आहे.

आधी रायगड. पाचाडहून चित्त दरवाज्याच्या बाजूने निघालं की दीड हजाराच्या आसपास पायऱ्या. चढताना त्या काही म्हणत नाहीत, दम लागतो तेवढाच. उतरताना मात्र एकेक पायरी हिशेब मागते. मातीच्या वाटेवर पाऊल कुठे टाकायचं हे आपण ठरवतो, पायरीवर ते आधीच ठरलेलं असतं. कधी अर्धा हात खाली, कधी वीतभर. पंचेचाळिशीनंतर माझ्या डाव्या गुडघ्याने या हिशेबाला साफ नकार दिला.

“मग रोपवे आहे की!” सगळे हेच म्हणतात, मीही हेच म्हणून एकदा हिरकणीवाडीतून बसलो. काही मिनिटांत वर. आणि तिथेच माझं बिनसलं. रोपवे सोडतो मेणा दरवाज्याच्या बाजूला. चार पावलं गेलं की थेट राण्यांचे महाल. वाड्याची दिंडी, चौक, ओटी काही न ओलांडता पाहुणा एकदम माजघरात उभा राहावा, तसं झालं. रायगडाचा महादरवाजा हा या गडाचा प्राण आहे असं मला वाटतं. दोन भले थोरले बुरूज समोर दिसतात, पण दरवाजा काही दिसत नाही. वाट वळते, बुरुजांच्या कुशीत शिरते, आणि मग तो एकदम पुढ्यात येतो, वरच्या दोन कमळांसकट. शत्रूची इथे काय गत होत असेल ते आपलंच ऊर धपापत असताना कळतं. रोपवेने गेलेल्याला गड अडवतच नाही. ज्याने अडवलं नाही तो किल्ला कसला, असं काहीतरी त्या दिवशी मनात घर करून बसलं ते आजतागायत हललेलं नाही.

चढून जा, रोपवेने उतरा, असा मधला मार्ग निघतो. मीही काढला. सुट्टीच्या दिवशी तो प्रत्येकाने काढलेला असतो, एवढंच सांगतो.

पण रायगडाला कमी लेखायचं नाही मला. बाजारपेठेची उंच जोती बघून घोड्यावर बसूनच खरेदी चालायची, असं सांगणारे भेटतील. खरं-खोटं जाणकारांवर सोडा, रस्त्याची रुंदी मात्र बघा. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीपाशी ‘सेवेचे ठायी तत्पर’ हे गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे शब्द आहेत. अख्खी राजधानी उभी करणाऱ्याने आपलं नाव पायरीवर कोरावं, यावर मी काही बोलत नाही. समाधीपाशी मोठ्याने बोलणारी माणसंही गप्प होतात. सिंहासनाच्या जागी काढलेला बारीक आवाज नगारखान्यापर्यंत पोचतो म्हणतात. मी एकदा जानेवारीतल्या मंगळवारी तो ऐकला. रविवारी ऐकू येतात ते फक्त सेल्फी काढणारे.

आता राजगड. वाट कोणती घेता यावर अर्धं ठरतं. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट मुलं घेतात. शेवटी कातळ, रेलिंग, आणि वर जाणारे-खाली येणारे एकमेकांत अडकलेले. पावसात तर नकोच. पालीची वाट ही राजवाट, रुंद आणि समजूतदार. वरच्या टप्प्यात तिलाही पायऱ्या आहेत, पण थोड्या. माझा गुडघा त्या खपवून घेतो.

वर पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाटीवर, देऊळ, तळं, सईबाईंची समाधी. पिठलं-भाकरी मिळते, ताक मिळतं. बहुतेक जण इथून बालेकिल्ला करतात आणि उतरतात. बालेकिल्ल्याची चढण उभी आहे, तिथेही रविवारी माणसं तुंबतात, आणि मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर आणि आरडाओरडा घरी ठेवून या. वेळ कमी असेल तर बालेकिल्ला सोडा, असं म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. तरी म्हणतो. सोडा, आणि संजीवनीला जा.

संजीवनी माची टप्प्याटप्प्याने उतरत तोरण्याच्या दिशेला लांबत जाते. तिची तटबंदी दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मधल्या खंदकासारख्या जागेत उतरता येतं, वर पट्टीएवढं आभाळ उरतं. बुरुजही चिलखती, म्हणजे बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं कवच. बाहेरचा पडला तरी आतला उभाच. पहिल्यांदा मी तिथे तासभर होतो आणि बांधणारा काय विचार करत असेल याचा अंदाज घेत या भिंतीतून त्या भिंतीत फिरत होतो. कुणी समजावून सांगायला नव्हतं, लागलंही नाही. रायगड समजायला सोबत जाणता माणूस हवा. राजगड पायांना कळतो.

सुवेळा माचीवरचं नेढंही आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसून वारा खायचा. पण एका दिवसात दोन्ही माच्या आणि बालेकिल्ला म्हणजे घाई होते. पूर्वी देवळात मुक्काम पडायचा म्हणून जमायचं. आता मुक्कामाचं काय ते गावात आधी विचारून घ्या.

आई-वडील बरोबर असतील, किंवा घरातल्या कुणाला आयुष्यात एकदा समाधीपुढे उभं राहायचं असेल, तर अर्थात रायगड, आणि बिनदिक्कत रोपवेने. परतताना पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. मधला वार मिळाला तर सोनं. सहा जूनच्या आसपास गर्दीची तयारी ठेवून जा.

बाकी पाय धड असतील, सोबत दोघे-तिघेच असतील आणि महिना ऑक्टोबरचा असेल, तर मी पुण्यातून पहाटे पाचला निघतो, नसरापूरवरून पालीच्या पायथ्याला. गाडीत एक जागा बहुधा मोकळी असते.