बोल्ट बदलल्याचे 2,240 रुपये घेतले आणि जुनेच ठोकले

आकडा आधी सांगतो. 6,010 रुपये. वरचे दहा गॅरेजवाल्याने सोडले, "काका, तुमच्यासाठी" म्हणून. गाडीच्या फ्रंटचे ब्रेक पॅड 1,850, डिस्कला लेथ मारायचे 700, ब्रेक ऑइल 320, मजुरी 900 आणि 'बोल्ट किट' 2,240. हे सगळं लिहितोय ते या शेवटच्या आकड्यासाठी.

आठ बोल्ट, 280 ला एक. एका बाजूला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन आणि तो ज्यावर सरकतो त्या पिनांचे दोन, दोन्ही बाजूंचे मिळून आठ. "ब्रेकचा बोल्ट एकदा खोलला की परत लावायचा नसतो काका, कंपनीचाच नियम हाय." धड खोटं असतं तर मी तिथेच धरलं असतं. पण हे निम्मं खरं आहे. काही गाड्यांना काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. कुठे ते ताणून, कोनात आवळलेले असतात, कुठे आट्यांवर कारखान्यातूनच रंगीत सुका गोंद लावलेला असतो आणि बोल्ट सोडला की तो संपला. बाकीचे बोल्ट आटे शाबूत असतील, गंज नसेल, तर साफ करून, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून, पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळले की चालतात. कुठला बोल्ट कुठल्या जातीचा, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मेकॅनिकच्या तोंडावर जाऊ नका.

मी काही अडाणी नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत 22 वर्षं स्टोअरला काढली. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा 8.8 आहे की 10.9, हे चष्म्याशिवाय सांगतो. लाज त्याचीच वाटते.

कारण मी पाहिलं होतं. चहाचा ग्लास हातात होता, समोर गॅरेजचा पोरगा ग्राइंडरच्या वायर ब्रशवर बोल्ट घासत बसला होता. एक झाला की कापडावर, मग दुसरा. आठ. मी मोजले, सवयच आहे. नवीन बोल्ट कोण घासतं हो? नवीन बोल्टला ब्रश कशाला लागतो? हा प्रश्न डोक्यात उगवलाही होता. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला, कासच्या ऑनलाइन बुकिंगचं काय झालं म्हणून. पाच मिनिटं बोललो. परत आलो तर चाकं चढलेली. आजही तो ब्रशचा खर्र आवाज कानात आहे.

तरी मी जुने बोल्ट मागितले. कुणीही शहाणा माणूस मागेल. त्याने लगेच पांढऱ्या पिशवीत घालून दिले, गंजके, काळे, आठ नग. माझं समाधान झालं. पिशवी डिकीत टाकली. आठही एका मापाचे होते! ब्रॅकेटचा बोल्ट जाड, पिनचा बारीक. ते एकसारखे असतील कसे? पण ही अक्कल नंतरची.

पुढच्या रविवारी आई, मेव्हणा, मुलं घेऊन कासला गेलो. येताना यवतेश्वर घाटात ब्रेक दाबला की उजव्या चाकातून 'खट्'. खड्ड्यात गेलं की टकटक. आई मागे जपमाळ ओढत होती, तिला काही बोललो नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो. सोमवारी वाढे फाट्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने चाक काढलं, वरचा पिनबोल्ट दोन बोटांनी फिरवला. फिरला. मग टॉर्च लावून ब्रॅकेटच्या बोल्टचं डोकं दाखवलं. त्यावर पिवळ्या पेंटची अर्धी रेघ होती, उरलेली अर्धी शेजारच्या लोखंडावर, भलतीकडेच. ही रेघ दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगची. बोल्ट हललाय का कळावं म्हणून मारतात. आटे घासून साफ केले, डोकं पुसायला विसरले.

(पिशवीतला एक बोल्ट लावून पाहिला. आटेच जुळेनात. कुठल्या तरी मोठ्या गाडीचे असावेत.)

मिस्त्रीने पिनांचे चार बोल्ट नवीन घातले, 160 प्रमाणे 640. ब्रॅकेटचे जुनेच ठेवले. या गाडीला ते बदलायचं लिहिलेलं नाही म्हणाला. थ्रेडलॉक लावलं, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळायच्या पान्याने) आवळले, मजुरी 500. एकूण 1,140. म्हणजे निम्मे बोल्ट जुनेच चालणार होते. जुने लावायचे तर निदान नीट तरी लावायचे! टॉर्क रेंच ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे ब्रेकचं काम देऊच नका.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणे, "जुने पण कंपनीचेच हायत की." मग 500 देऊ केले. मी घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं आमची ही म्हणते.

पोलीस ठाण्यात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420, घरून वाचून गेलो होतो. तिथल्या साहेबांनी पिवळ्या रेघेचा फोटो पाहिला आणि हसले. "बोल्टाची कसली चारसोवीसी? दिवाणी मामला आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर. वाहनांच्या कचेरीत विचारलं तर गॅरेज आमच्याकडे येत नाही. एका हेल्पलाइनवर 40 मिनिटं गाणं ऐकलं आणि शेवटी पक्कं बिल मागितलं. ते माझ्याकडे नाही. जीएसटी वाचवायला मीच कच्च्या चिठ्ठीवर पैसे दिले होते. तुम्ही नसते दिले का? पण देऊ नका. पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर, आणि नवीन पार्टची पाकिटं तुमच्यासमोर फोडून.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही, मुदत दोन वर्षांची. कच्ची चिठ्ठी, फोटो आणि मिस्त्रीचं बिल जोडून तिथे अर्ज करतोय. मिस्त्री लिहून द्यायला तयार आहे. फक्त गॅरेजवाल्याचं नाव नको म्हणाला, एकाच गावात राहायचंय.