जमिनीलगतचे उड्डाण: पंख वर असलेले विमान आणि पंख खाली असलेले विमान

विमान पंखविस्तारापेक्षा (पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा) कमी उंचीवर आले की पंखटोकांशी निर्माण होणारे भोवरे आणि खाली ढकलली जाणारी हवा यांना जमिनीचा अडसर होतो आणि लिफ्टसोबत (विमानाला वर उचलणाऱ्या बलासोबत) येणारा इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे खेचणारा विरोध, घटतो. पंख पंखविस्ताराइतक्या उंचीवर असताना ही घट जेमतेम १.४ टक्के असते. पंखविस्ताराच्या चतुर्थांश उंचीवर ती २३.५, तर दशांश उंचीवर सुमारे ४८ टक्के होते.

सेसना १७२ या छोट्या विमानाचा ११ मीटर विस्ताराचा पंख वैमानिकाच्या डोक्यावर असल्याने चाके टेकलेली असतानाही तो जमिनीपासून बराच उंच राहतो. पायपर चेरोकी या तशाच छोट्या विमानाचा पंख मात्र केबिनच्या तळाशी असल्यामुळे तिला हा परिणाम अधिक तीव्रतेने जाणवतो. उतरताना वेग थोडा जरी जास्त राहिला, तरी ती टेकायला तयार होत नाही, धावपट्टी झपाट्याने संपत जाते, आणि अशा वेळी नाक दाबून तिला खाली आणण्याचा मोह फार घातक ठरतो, कारण पुढचे चाक आधी आपटते. सेसनाही तरंगते, पण तुलनेने कमी. नवशिक्यासाठी मला तीच अधिक क्षमाशील वाटते.

उड्डाणाच्या वेळी मऊ मातीच्या धावपट्टीवर खालच्या पंखाचा फायदा होतो, परंतु कमी वेगात उचललेले विमान लगेच वर चढवल्यास ड्रॅग पुन्हा वाढतो आणि ते खाली बसू लागते. म्हणून दोन्ही विमानांत जमिनीलगत राहूनच आधी पुरेसा वेग मिळवावा लागतो.