परळीच्या राखेच्या विटा: घेण्याआधी पाणी तपासा

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रातले २५० मेगावॉटचे संच दगडी कोळशावर चालतात. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख, त्यामुळे या विटांचा कच्चा माल दारातच.

वीट उत्तम: कडा सरळ, माप एकसारखं, गिलाव्याला सिमेंट कमी. घोळ होतो तो क्युरिंगमध्ये, म्हणजे वीट पाणी मारून पक्की करण्यात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी तुटतं, मग दोन-तीन आठवड्यांऐवजी चार दिवसांत गाडी भरतात. विटेतल्या सिमेंटची घट्ट होण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, कोपरे भुगा होतात. कोरडी वीट तोला, २४ तास बुडवून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर माल सरळ परत करा. बांधताना फक्त पाणी शिंपडा. चिंब वीट सुकताना आकसते, भिंतीला भेगा पडतात.