नाना पेठेतला पुढच्या ब्रेकचा सेट: डिस्क चोख, पण क्लिपा वेगळ्या घ्या

पुण्यातल्या नाना पेठेत हॅचबॅकसाठी दोन व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणाऱ्या) डिस्क आणि चार पॅड असा पुढच्या ब्रेकचा आफ्टरमार्केट सेट मिळतो. घरी बसवायला तो घ्यावा का? घ्यावा. डिस्कची ढलाई स्वच्छ आहे आणि किमान जाडीचा आकडा तिच्यावरच कोरलेला आहे. पॅडच्या पाठीला आवाज दाबणारी शिम, म्हणजे पातळ पत्री, चिकटवूनच येते, पॅड संपत आला की किरकिरणारी पत्तीही आहे. तक्रार एकच. पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, म्हणजे कॅरियरच्या, खोबणीत बसणाऱ्या स्टीलच्या क्लिपा आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांचं ग्रीस खोक्यात नाही.

‘जुन्याच क्लिपा चालतात की,’ असं काउंटरवर ऐकायला मिळेल. चालत नाहीत. पुण्याचे चार पावसाळे खाल्लेल्या गाडीत क्लिपेखाली गंज साठतो, खोबणी अरुंद होते आणि नवा पॅड तिथे ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरत नाही. चाक तापतं, ॲव्हरेज पडतं आणि पॅड तिरका झिजतो. खोबणी तारेच्या ब्रशने घासून नवी क्लिप लावली की पॅड बोटाने सरकला पाहिजे.

सेट मागताना नुसतं मॉडेल सांगू नका, आरसी बुकावरचा चासी नंबर द्या. त्याच नावाच्या गाडीत इंजिन किंवा वर्ष बदललं की डिस्कचा व्यास बदलतो.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या उतारावर हा उद्योग नको. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा आणि नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडीबरोबरचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, काम गाडी ॲक्सल स्टँडवर टेकवूनच करायचं. पॅड दाबणारा कॅलिपर सुटला की तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका. कॅरियरचे दोन बोल्ट हट्टी असतात, लांब दांड्याचा पाना लागतो. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेल्या डिस्कवर हातोडा चालवण्याआधी तिच्यावर आटे पाडलेली दोन छिद्रं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत असतात. त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते.

नवी डिस्क बसवूनही ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा लोक डिस्कला वाकडी ठरवून दुकानात परत नेतात. बहुतेक वेळा दोष हबचा असतो. हबवर गंजाचा पातळ पापुद्रा राहिला, तरी डिस्कच्या काठाशी ०.१ मिमीच्या वर डगडग येते आणि हळूहळू डिस्कची जाडी कमी-जास्त होते. म्हणून हबची डिस्क टेकते ती बाजू धातू दिसेपर्यंत घासायची. या एका पायरीला अर्धा तास गेला तरी चालेल. नव्या डिस्कवर गंज रोखणारं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा.

नव्या जाड पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून पातळी बघत राहा. मध्ये कुणी ऑइल भरलं असेल तर ते उतू जातं आणि रंग खातं. सी-क्लॅम्प आणि जुना पॅड पुरतो, फक्त घाई नको. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतो आणि पिन अडकते. बोल्ट आणि नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा.

गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे असल्यामुळे पहिले काही दाब थेट तळाला जातात, आणि पार्किंगची भिंत जवळच असते.

मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा. दोन ब्रेकांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, पूर्ण थांबू नका. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो तो यातूनच. त्याआधी सिंहगडाचा घाट उतरायला जाऊ नका. पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासा.

मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल, तर मागचं काम घरी काढू नका. मागचा पिस्टन बहुतेक गाड्यांत स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, नुसता क्लॅम्पने दाबला तर हँडब्रेकची मोटर किंवा यंत्रणा जाऊ शकते. पुढच्या जुन्या डिस्क बिडाच्या आहेत, भंगारवाला वजनावर घेतो.