चीज फ्रीजमध्ये ठेवावं की फ्रीझरमध्ये?

मोठा ब्लॉक घरी आला की पहिले काही दिवस दिसेल त्यावर चीज किसलं जातं. मग उत्साह ओसरतो आणि अर्ध्याहून जास्त ब्लॉक उरतो. खाली फ्रीजमध्ये ठेवावा तर बुरशीची धास्ती, वर फ्रीझरमध्ये टाकावा तर ‘चीज खराब होतं’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन्हींत तथ्य आहे, पण सगळ्या चीजना एकच नियम लावला की घोळ होतो. माझ्या मते आधी एवढंच बघावं, की हे चीज पुढे वितळवून खायचंय की कापून तसंच. वितळवायचं असेल तर फ्रीझर बिनधास्त वापरा. तसंच खायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि वेळेत संपवा.

कारण गोठवल्यावर चीजची चव फारशी जात नाही, जातो तो पोत. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाची जाळी. पाणी आणि स्निग्धांश त्या जाळीत धरलेले असतात. घरच्या फ्रीझरचं तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असतं, पण त्यात चीज सावकाश गोठतं. गोठणं जितकं संथ, तितके बर्फाचे कण मोठे, आणि ते जाळी तोडतात. बाहेर काढल्यावर सुटलेलं सगळं पाणी जाळीत परत जात नाही. गोठवून पुन्हा नरम झालेल्या चेडारची पातळ चकती वाकवून बघा. ताजी चकती थोडी लवते, ही मधोमध तुटते आणि कडेने भुगा पडतो. सँडविचमध्ये ते जाणवतं. पिझ्झावर वितळल्यावर मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाणी जितकं जास्त तितकं नुकसान जास्त, हा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. पार्मेझानमध्ये पाणी सुमारे ३० टक्के, चेडारमध्ये ३७-३८ च्या आसपास, पिझ्झाच्या मोझरेलात ५० च्या जवळपास आणि रिकोटात ७० च्याही वर.

फ्रीजची बाजू

तापमान ४ अंश किंवा त्याखाली असेल तर पाकीट फोडलेलं कडक चीज तीन-चार आठवडे सहज टिकतं. क्रीम चीजला दोन आठवडे, बाकीच्या मऊ चीजला आठवडाभर धरा. दाराचा कप्पा टाळा. दार उघडलं की तिथलं तापमान वर जातं. भाज्यांचा खण बरा.

गुंडाळण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. प्लास्टिकची फिल्म घट्ट लपेटली की आत ओल साचते आणि बुरशीचं फावतं. ब्रीसारख्या पांढऱ्या सालीच्या चीजला तर अमोनियासारखा उग्र दर्प येऊ लागतो. नुसतं उघडं ठेवलं तर कडा वाळून पिवळट, कडक होतात. आधी बटर पेपर आणि त्यावर डबा किंवा सैल पिशवी, हा मधला मार्ग चांगला. कापताना सुरी कोरडी आणि स्वच्छ हवी. हातही.

बुरशी आलीच तर कडक चीजचा डागाभोवतीचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून टाकून बाकीचं वापरता येतं. फक्त सुरी बुरशीला लागू देऊ नका. मऊ, किसलेलं किंवा स्लाइस केलेलं चीज असेल तर सगळंच टाकायचं. आणि जुन्या चेडारवर पांढरे ठिपके दिसले तर लगेच घाबरू नका. बोटाला खरखरीत लागले तर ते बहुधा कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिक असतात, खायला निर्धोक. बुरशी मऊ आणि लवदार असते.

फ्रीझरची बाजू

कडक चीजचा ब्लॉक सहा महिने, किसलेलं तीन-चार महिने. त्यानंतर ते विषारी होत नाही, पण स्निग्धांशाला हळूहळू खवट वास लागतो आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. एक मोठा गैरसमज इथेच काढून टाकू. गोठवल्याने जंतू आणि बुरशी थांबतात, मरतीलच असं नाही. मऊ चीजमध्ये वाढू शकणारा लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि फ्रीझरमध्येही तग धरतो. त्यामुळे ‘आता संपत आलंय, टाकू फ्रीझरमध्ये’ हा विचार उलटा आहे. गोठवायचं तर ताजं असतानाच.

ब्लॉक गोठवावा की किसून? मी किसलेल्याच्या बाजूने. ब्लॉक गोठवला की लागेल तेवढाच काढता येत नाही, आणि नरम व्हायला फ्रीजमध्ये दिवसभर, कधी दोन दिवस ठेवावा लागतो. ओट्यावर ठेवून घाई करू नये. किसलेलं मूठभर काढून थेट गरम पदार्थावर टाकता येतं. ब्लॉकच गोठवायचा असेल तर २००-२५० ग्रॅमचे, फार तर अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा, म्हणजे लवकर गोठतील.

किसण्यापूर्वी ब्लॉक पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला तर किसणीला लिबलिबीत चिकटत नाही, सुटे तुकडे पडतात. वर चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने मिसळा. ताटात पातळ पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग झिपच्या पिशवीत भरून हवा दाबून काढा आणि पिशवी चपटी करून ठेवा. ताटाची पायरी गाळली की पिशवीत एकच गोळा होतो आणि मग तो आपटत बसावं लागतं. पिशवीवर तारीख लिहा.

कोणत्या चीजचं काय

पार्मेझान गोठवायची खरं तर गरजच नाही, ते खाली भरपूर टिकतं. त्याची जाड साल मात्र फ्रीझरमध्ये साठवण्यासारखी आहे. सूप उकळताना टाकली की मस्त चव उतरते. चेडार आणि पिझ्झाचं मोझरेला किसून वर. पाण्यात ठेवलेलं ताजं मोझरेला अजिबात नको, चोथा होतो. ब्री आणि कॅमेम्बर्टही नको. क्रीम चीज गोठवल्यावर रवाळ होतं, पाणी सोडतं. शिजवायच्या सॉसमध्ये चालेल, ब्रेडला लावायला नाही. फेटा खाऱ्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवणं सगळ्यात उत्तम. ब्लू चीज तसंही कुस्करून घालतात, त्यामुळे गोठवलं तरी बिघडत नाही. प्रोसेस्ड चीजच्या स्लाइस गोठवून काहीच मिळत नाही. त्या फ्रीजमध्येच टिकतात, आणि गोठवल्या की एकमेकींना चिकटून तुटतात.

दोन्हींचा मेळ घालायचा तर घरी आल्या आल्याच ब्लॉकची वाटणी करा: दोन आठवड्यांत संपेल एवढं खाली बटर पेपरात, उरलेलं किसून वर. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर चीजमध्ये बर्फाचे कण अजून दिसत असतील तर ते पुन्हा गोठवायला हरकत नाही. पोत आणखी उतरेल, म्हणून ती पिशवी पुढे ठेवा आणि आधी संपवा.