ड्यून: वाचायचा कंटाळा असेल तर हेच घ्या

मी वाचणाऱ्यातला नाही. सायन्स फिक्शन म्हणजे यानं नि लेझरच्या बंदुका, म्हणून मामेभावाने फ्रँक हर्बर्टचं ड्यून आणून दिलं ते कपाटावरच होतं, मग मे महिन्यात विहिरीने तळ गाठला आणि टँकरची वाट बघता बघता उघडलं, ते संपेपर्यंत सोडवेना.

अराकिस हा अख्खा वाळवंटी ग्रह, पाऊस शून्य, पण सगळ्या विश्वाला लागणारं मसाला नावाचं मौल्यवान द्रव्य तिथेच मिळतं म्हणून सरदार घराण्यांची मारामारी. मला मात्र धरून ठेवलं ते पाण्याने. तिथले फ्रेमेन लोक स्टिलसूट घालतात, घाम काय लघवी काय सगळं गाळून परत प्यायचं, दिवसाला अंगुस्तानभर पाणी वाया गेलं तर गेलं. त्यांचा म्होरक्या ड्यूकसमोर, म्हणजे एका सरदार घराण्याच्या प्रमुखासमोर, टेबलावर थुंकतो, सगळे खवळतात, आणि मग कळतं की अंगातलं पाणी देऊन त्याने मान दिलाय!! आणि ड्यूकचा मुलगा पॉल, म्हणजे पुस्तकाचा नायक, ज्याला मारतो त्याच्यासाठीच रडतो तेव्हा लोक त्याच्या ओल्या गालाला हात लावून बघतात. तिथे मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसलो. चार महिने धो धो पाऊस पडून जांभ्यातनं सगळं निघून जातं आणि मेमध्ये हंडे घेऊन फिरावं लागतं, ते बघितलेल्या माणसाला हे वेगळंच लागतं.

लेखक १९५७ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गेला होता, सरकती वाळू गवत लावून कशी थांबवतात ते बघायला, त्यातूनच १९६५ चं हे पुस्तक उभं राहिलं. आपल्याकडे गुहागरला सुरूचं बन आहे ना, तसलंच काम. फ्रेमेनही तेच करतायत, आधी वाळूवर गवत, मग झाडं, आणि हिशोब तीनशे ते पाचशे वर्षांचा, म्हणजे लावणाऱ्याला सावली मिळणारच नाही, तरी लावतायत.

सुरुवात जड आहे, नावं डोक्यावरून जातात, मागे शब्दांची यादी आहे तिथे एक बोट ठेवूनच वाचा. माझ्या प्रतीची अक्षरं फार बारीक, रात्री डोळे दुखतात. खलनायक बॅरन हार्कोनेन नुसताच दुष्ट वाटला, त्याला अजून खोली हवी होती. पाचपैकी साडेचार. शेवटची परिशिष्टं सोडू नका, गवताचा तो सगळा हिशोब तिथेच आहे. पुढचा भाग ड्यून मसाया मागवलाय, तो बराच लहान आहे.