लंडन झूची संध्याकाळची व्याख्यानं: फुकट आहेत, पण तयारी करून जा

प्राणी बघायला मिळतील म्हणून मुलांना घेऊन जाणार असाल, तर जाऊ नका. वन्यजीव संवर्धनावरची ही व्याख्यानं साधारण संध्याकाळी सहा ते साडेसात असतात. तोवर झू बंद झालेलं असतं किंवा होत आलेलं असतं. जागाही पिंजऱ्यांपाशी नाही, संस्थेच्या इमारतीतलं हक्सली सभागृह. लंडन झू चालवणारी झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन ती भरवते. संस्था १८२६ सालची. व्याख्यानाला पैसे पडत नाहीत, झूचं तिकीटही लागत नाही, फक्त नाव आधी नोंदवून ठेवायचं. कॅम्डन टाऊन स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर भारतातल्या मंडळींनी घड्याळाचं गणित नीट करावं. हिवाळ्यात तिथले सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेदहा. जागरणाचा फायदा एकच, प्रश्न विचारता येतो. तो नसेल विचारायचा तर दुसऱ्या दिवशी चहाबरोबर रेकॉर्डिंग लावलेलं बरं.

झूमध्ये दिवसा देखभाल करणारा कर्मचारी प्राण्याला खाऊ घालताना दहा-पंधरा मिनिटं बोलतो, तो प्रकार वेगळा. तिथे प्राणी समोर असतो आणि लक्ष त्याच्याकडेच जातं. संध्याकाळी बोलणारी माणसं ते काम स्वतः करणारी असतात. बहुधा एका विषयावर दोघं-तिघं, प्रत्येकी वीसेक मिनिटं, मग सगळ्यांना एकत्र बसवून प्रश्न. ही रचना चांगली आहे, कारण एकाने रंगवलेल्या यशाला दुसऱ्याचे आकडे लगेच छेद देतात.

या झूचं बळ कशात आहे ते वाघ-सिंहांवरून कळत नाही, गोगलगायीवरून कळतं. ताहिती आणि आसपासच्या बेटांवर पार्टुला नावाच्या एक-दोन सेंटिमीटरच्या झाडगोगलगायी होत्या. पावसाळ्यात मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागा फस्त करणारी मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय तिथेही पोचली. तिचा बंदोबस्त म्हणून १९७०च्या दशकात फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने मोठीला सोडलं आणि पार्टुला खाऊन टाकल्या. मूरिया बेटावर १९८७पर्यंत त्या जंगलातून संपल्या होत्या. वाचवून आणलेल्या मूठभर जिवांची पैदास लंडनसह अनेक झूंनी डब्यांतून केली. पार्टुला अंडी घालत नाही, एकेक पिल्लू जन्माला घालते, त्यामुळे संख्या वाढायला वेळ लागतो. खाणं म्हणजे ओटचं पीठ, वाळल्या गवताची पूड आणि शंखासाठी कॅल्शियम म्हणून समुद्रफेस, तोच, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो. २०१५पासून त्या बेटांवर परत सोडायला सुरुवात झाली. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका लावतात. गोगलगाय रात्री हिंडते, म्हणून रात्रीच बॅटरी घेऊन ठिपके मोजायचे. ज्या वाढलेल्या गोगलगायीवर ठिपका नाही, ती जंगलातच जन्मलेली. २०२४मध्ये एका जातीच्या अशा गोगलगायी सापडल्या आणि तिच्यापुढचा 'जंगलातून नामशेष' हा शेरा निघाला. अडचण संपलेली नाही. शिकारी गोगलगाय अजून तिथेच आहे, शिवाय न्यू गिनीचा एक चपटा किडाही आता गोगलगायी खातो.

प्राणी जंगलात परत सोडण्यावरचं कुठलंही व्याख्यान याच मापाने मोजावं: किती सोडले, वर्षभराने किती उरले, मुळात ज्याने मारलं ते कारण हटलं का. तिसऱ्या प्रश्नावर वक्ता घुटमळला, तर ते पैदास केंद्र म्हणजे नुसतं कोठार.

आपल्या माणसांनी सुरुवात गिधाडांपासून करावी. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड केंद्राच्या उभारणीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीबरोबर (बीएनएचएस) लंडनची ही संस्थाही होती. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि शवविच्छेदनात हृदय-यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसतो. शंभरात एखादंच जनावर असं असलं तरी वसाहत संपायला पुरेसं होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक उरली. जनावरांसाठी या औषधावर २००६मध्ये बंदी आली. पण माणसांसाठीची मोठी कुपी गोठ्यात पोचतच राहिली, म्हणून २०१५मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय. पिंजोरची गिधाडं २०२४मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणून पाठीवर जीपीएस लावून सोडली, त्यामुळे आता हा विषय विदर्भातल्या औषधदुकानांपर्यंत येऊन ठेपलाय.

उणिवा? भाषा. वक्ते तज्ज्ञांशी बोलल्यासारखे सुटतात, आणि लॅटिन नावांचा यूट्यूबच्या आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांत चुथडा होतो. जातीचं शास्त्रीय नाव आधी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची यादी) शोधून कागदावर लिहून ठेवा, अर्धा त्रास वाचतो. रेकॉर्डिंग पाऊणपट वेगाने लावा. सभागृहात बसलात तर माइक हातात येईपर्यंत थांबा, नाहीतर घरून ऐकणाऱ्यांना नुसतंच उत्तर ऐकू येतं. प्रश्न एकाच वाक्यात विचारा. शेवटच्या वीस मिनिटांची माती बहुतेक वेळा स्वतःचं मत प्रश्न म्हणून मांडणारे श्रोतेच करतात, आणि ती खोड काही एकट्या लंडनची नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो दहा वर्षांखालच्या मुलांसाठी यात काहीच नाही म्हणून. त्यांना दिवसा तिकीट काढूनच न्या.